मेणपतंग आणि साठवणीतली पोळी

मध काढून घेतल्यावर रिकाम्या पोळ्याचे काय होते? पूर्वी पोळे पिळूनच मध काढीत. पोळे नष्ट होई. १८६५ साली ह्रुश्का यांनी मधयंत्र दाखवले. त्यात पोळ्याच्या चौकटी वेगाने फिरवल्या की मध बाहेर फेकला जातो आणि पोळे जसेच्या तसे उरते. ते पुन्हा पेटीत ठेवले की माश्या त्यात मध भरू लागतात. एक किलो मेण तयार करायला माश्यांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. तेव्हा पोळे वाचले म्हणजे मधच वाचला!

आपल्या पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वरचा डोंगरी भाग तर मधासाठी प्रसिद्धच आहे; तेथील मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या भागात जांभूळ, हिरडा यांचा बहर संपून पाऊस लागला की माश्यांना फुले मिळेनाशी होतात. वसाहत रोडावते, सगळी पोळी तिला राखता येत नाहीत. म्हणून मधपाळ रिकामी पोळी काढून ठेवतो. नेमका याच वेळी चोर शिरतो.

चोर कोण?

हा चोर म्हणजे मेणपतंग. राखाडी रंगाची मादी रात्री फटींतून शेकडो अंडी घालते. पतंग स्वतः काहीच खात नाही. खाते ती अळी. पोळ्यात बोगदे करीत, मागे रेशमी जाळे विणीत ती पुढे सरकते. मात्र नुसत्या मेणावर तिची वाढ नीट होत नाही. तिला पोळ्यात उरलेली माश्यांच्या पिल्लांची कात आणि परागकण हवे असतात. म्हणून पिल्लांच्या कप्प्यातील जुनी, काळपट पोळी आधी बळी पडतात. अतिजुनी पोळी वितळवून त्यांचे मेण करावे आणि चांगली तेवढीच साठवावी, हा पहिला धडा.

धूर, उष्णता की थंडी?

गंधकाचा धूर देण्याची रीत जुनी आहे. गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड हवेच्या सुमारे सव्वादोन पट जड असतो. म्हणून चौकटींच्या रचलेल्या पेट्यांत गंधक सर्वांत वर जाळतात. वायू खाली उतरत जातो. त्याने अळ्या व पतंग मरतात, पण अंडी वाचतात. ती फुटल्यावर पुन्हा धूर द्यावा लागतो. हा वायू आपल्यालाही घातक आहे. तुम्ही हा प्रयोग करू नका.

उष्णतेचे काय? ४९ अंश सेल्सियसला ४० मिनिटांत सर्व अवस्था मरतात. मेण वितळते सुमारे ६३ अंशांना. पण त्याआधीच ते मऊ पडून पोळे स्वतःच्या भाराने लोंबू लागते.

थंडीत हा धोका नाही, आणि अंडीही मरतात. त्यासाठी लागणारा वेळ असा :

उणे ७ अंश – साडेचार तास
उणे १२ अंश – तीन तास
उणे १५ अंश – दोन तास

हा वेळ पोळ्याचा गाभा तितका थंड झाल्यानंतरचा आहे. मेण उष्णतेचे मंदवाहक आहे, शिवाय घरांत हवा कोंडलेली असते. म्हणून चौकटी एकमेकींना न चिकटवता पुरा एक दिवस शीतपेटीत ठेवाव्यात. थंड देशांत हिवाळ्यात उघडी पडवीही हे काम करते. पुण्यात रात्री गारठा असला तरी दुपारी ऊन तापते. अळी तग धरते.

चौकट आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मग गोठवावी. बाहेर काढल्यावर दव पिशवीवर जमते, पोळे कोरडे राहते आणि नवी मादीही आत शिरू शकत नाही. मात्र गोठवणे टाळून चालणार नाही. ही अळी प्लॅस्टिकही पोखरते, असे २०१७ साली युरोपातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आत एक जरी जिवंत राहिली तरी पिशवी निरुपयोगी!

करून पाहा

दोन सारख्या वाट्या घ्या. एक पिशवीत घट्ट बांधा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही शीतपेटीत तासभर ठेवून बाहेर काढा. पाणी कोठे जमले? पिशवी लगेच सोडली तर काय होईल?