हट्टी पोपटाचा आहार : सवय बदलण्याची सुरक्षित पद्धत

घरी पाळलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांच्या अनेक विकारांचे मूळ त्यांच्या आहारात असते. वाटी धान्याने भरलेली असते, पक्षी दिवसभर टिपताना दिसतो, तरीही आवश्यक पोषणद्रव्ये त्याला मिळत नाहीत. भाजी पुढे ठेवली तर तो चोच लावीत नाही. मग 'त्याला हेच आवडते' असे म्हणून पुन्हा बियाच दिल्या जातात. ही सवय पक्ष्याच्या जिवाला धोका न पोहोचविता कशी बदलावी, याची माहिती येथे दिली आहे.

आपल्याकडील हिरवा कीर व इतर देशी पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे यांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये मनाई आहे. म्हणून पुढील विवेचन मूळच्या ऑस्ट्रेलियातील कॉकाटील या तुरेवाल्या पोपटाविषयी आहे. हा पक्षी आता पुष्कळ घरांतून आढळतो व त्याचे वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास असते.

बियांचा आहार अपुरा का?

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात कॉकाटील नाना प्रकारच्या गवतांचे बी वेचतो आणि त्यासाठी दूरवर उडत जातो. पिंजऱ्यात त्याला राळा, बाजरी, करडई व सूर्यफूल अशा मोजक्याच बिया मिळतात आणि उडणे जवळजवळ थांबते. त्यातही तो सूर्यफुलाचे बी प्रथम निवडतो. या बीच्या गरात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. परिणामी यकृतावर चरबी साठते. बियांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. त्याच्या अभावी तोंडातील व श्वासमार्गातील अस्तर जाड व कोरडे होते आणि जंतुसंसर्ग सहज होतो. बियांत स्फुरद पुष्कळ व चुना अल्प असल्याने हाडे दुर्बळ होतात. मादीची अंडी पातळ कवचाची होतात किंवा अंडे आतच अडकते.

हट्ट नव्हे, भीती

रानात अपरिचित वस्तू खाणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे लहानपणी ओळख झालेले तेवढेच अन्न, ही पोपटाची स्वाभाविक समजूत असते. गाजराचा तुकडा त्याला नावडता नसतो. तो खाण्याचा पदार्थ आहे हेच त्याला ठाऊक नसते. 'भूक लागली की खाईल' हा विचार म्हणूनच घातक ठरतो. एवढ्या लहान पक्ष्याच्या शरीरात साठा अल्प असतो; नवे अन्न न ओळखल्यामुळे तो भरल्या वाटीसमोर उपाशी राहून दगावू शकतो.

बदलाचा क्रम

1. प्रथम पशुवैद्यकाकडून पक्ष्याची तपासणी करून घ्यावी. आजारी, नुकत्याच आणलेल्या, अंड्यावर असलेल्या किंवा पिल्ले भरविणाऱ्या पक्ष्याचा आहार बदलू नये.

2. ग्रॅम दाखविणारा लहान काटा घ्यावा. आठवडाभर रोज सकाळी अन्न देण्यापूर्वी वजन करून वहीत नोंदवावे. पुढील सर्व निर्णय या नोंदीवरून घ्यावयाचे आहेत.

3. दिवसभर वाटी भरून ठेवण्याची पद्धत हळूहळू बंद करावी. सकाळी व सायंकाळी, म्हणजे भूक अधिक असते त्या वेळी, बिया द्याव्यात. पोपट बी सोलून गर खातो व टरफले वाटीतच टाकतो. त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली भासते. टरफले रोज फुंकून काढावीत.

4. सकाळच्या बियांपूर्वी तासभर भाजी द्यावी. किसलेल्या गाजरात किंवा शिजवून कुस्करलेल्या तांबड्या भोपळ्यात थोडा राळा मिसळावा. राळा टिपताना भाजीची चव लागते. शेवग्याची, मेथीची किंवा कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याच्या गजाला बांधावी. पोपट थव्याने राहणारा पक्षी असल्याने घरच्या माणसाने त्याच्यासमोर तोच पदार्थ खाल्ल्यास त्याची भीड लवकर मोडते.

5. भाजीची ओळख झाल्यावर पोपटांसाठी तयार केलेले गोळीखाद्य कुटून बियांत अल्प प्रमाणात मिसळावे व कित्येक आठवड्यांत क्रमाने वाढवावे. अखेरीस निम्म्याच्या आसपास गोळीखाद्य, उरलेल्यात भाज्या व मर्यादित बिया आणि अधूनमधून पेरूसारखे फळ, असे प्रमाण साधावे.

धोक्याची खूण

मूळ वजनात दहा टक्के घट, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पक्ष्यात दहा ग्रॅम, झाल्यास बदल तत्काळ थांबवून जुना आहार द्यावा व पशुवैद्यकास दाखवावे. विष्ठा कमी होणे, पिसे फुलवून बसणे, दिवसा झोपणे, श्वासाबरोबर शेपूट हलणे ही लक्षणे दिसल्यास वजनाची वाटही पाहू नये.

काय द्यावे, काय टाळावे

पोपटाला मिरची देण्याची आपल्याकडील प्रथा निराधार नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही आणि पिकलेल्या लाल मिरचीपासून अ जीवनसत्त्व मिळते. पालक व तांबडी भाजी यांतील ऑक्झॅलेट चुना बांधून ठेवते. म्हणून त्या रोज न देता आलटून पालटून द्याव्यात. चुन्यासाठी समुद्रफेस पिंजऱ्यात लावावा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी, मद्य, कांदा व खारट पदार्थ मुळीच देऊ नयेत. सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्यात. पाण्यात जीवनसत्त्वाची औषधे मनाने मिसळू नयेत. चव बदलल्याने पक्षी पाणी पिणे कमी करतो.

गोव्यासारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, शेंगदाणे व बिया यांना बुरशी लवकर धरते व तिचे विष यकृताचा नाश करते. बिया थोड्या आणाव्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि कुबट वास येताच टाकून द्याव्यात. ओले अन्न दोन तासांत काढून वाटी धुवावी.

हा बदल काही पक्ष्यांत तीन-चार आठवड्यांत होतो, काहींत कित्येक महिने लागतात. एखादी भाजी अनेकदा नाकारली गेली तरी ती निराळ्या रूपात पुन्हा ठेवावी. नव्या अन्नाला चोच लागेपर्यंत जुने अन्न बंद न करणे आणि वजनाची नोंद एकही दिवस न चुकविणे, हे दोन नियम पाळल्यास वयस्क पक्ष्याचीही सवय सुरक्षितपणे बदलता येते.