गाडीच्या धुरकट दिव्यांविषयी चिरंजीवास



गाडीचे पुढचे दोन्ही दिवे पिवळे पडून धुरकटले असता चिरंजीवाने त्यांवर आधी टूथपेस्ट चोळली, ती पुरली नाही म्हणून डास पळवण्याचा फवारा मारून फडक्याने पुसले, आणि त्या चकाकीवर भरवसा ठेवून गेल्या शनिवारी रात्री कराडहून निघून कुंभार्ली घाट उतरला, असे वर्तमान ताईकडून, म्हणजे चिरंजीवाच्या आईकडून नव्हे, तर शेजारच्या काकूंकडून मामाच्या कानी आले आहे. आणि ताईने ते स्वतः सांगितले नाही यावरूनच ती किती घाबरली असेल, हे घरातल्या कोणालाही कळण्यासारखे आहे. आता दिव्यांत 100 वॉटचे बल्ब घालण्याचाही बेत असल्याचे समजते. हे पत्र त्यामुळे मामा रागाच्या भरात लिहीत आहे.

धुरकटते ती मुळात काच नव्हे. ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांचे गोल दिवे काचेचे असत. ते फुटत, पण पिवळे पडत नसत. आजच्या दिव्यांवरचे आवरण पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे 1953 मध्ये जर्मनीत हेरमान श्नेल यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या, हलक्या आणि खडा लागूनही सहसा न तडकणाऱ्या प्लॅस्टिकचे असते. मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि अतिनील किरण, म्हणजे उन्हातला डोळ्यांना न दिसणारा परंतु रासायनिक बंध तोडणारा भाग, त्याला सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण संरक्षक लेप चढवलेला असतो. चिरंजीवाची गाडी नऊ वर्षे कचेरीसमोर पश्चिमेला तोंड करून उघड्यावर उभी राहते, तेव्हा तो लेप विरून खालचे प्लॅस्टिक पिवळे पडले, यात नवल नाही.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2018 मध्ये केलेल्या चाचणीत अशा खराब आवरणांतून डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, नव्याच्या मानाने सुमारे 22 टक्केच प्रकाश मिळाल्याचे आढळले. उरलेला प्रकाश आवरणातच अडतो किंवा विखुरतो, आणि विखुरलेला भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ज्या जागी 60 व 55 वॉटच्या बल्बची योजना आहे तेथे 100 वॉटचा बल्ब घातल्यास हा विखुरलेला झगमगाट तेवढा वाढतो, होल्डर व तारा तापून वितळू शकतात, आणि घाटातले वळण पूर्वीइतकेच अंधारात राहते. डासांच्या फवाऱ्याचे तर त्याहून वाईट आहे. अशा बऱ्याच फवाऱ्यांत असणारे डीट नावाचे द्रव्य प्लॅस्टिकचा वरचा थर मऊ करून ओरखडे तात्पुरते बुजवते, म्हणून चार दिवस आवरण चमकते आणि मग तेच अधिक गढूळ होते. ती चकाकी दिवसा अंगणात पाहिलेली होती, आणि घाट मात्र रात्री उतरला गेला.

दिवे सुधारायचेच असतील, आणि ते घरी सुधारता येतात, तर आधी त्यांवर पाणी ओतून पाहावे. ओलेपणी आवरण स्वच्छ दिसले तर दोष बाहेरच्या पृष्ठभागात आहे असे समजावे. तसेच धूसर राहिले तर तो आत किंवा खोलवर आहे आणि घासून फारसा जाणार नाही. बाहेरचाच दोष असेल तर भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या पॉलिशपेपरने, क्रमाने 800, 1000, 1500, 2000 आणि जमल्यास 3000 क्रमांकापर्यंत घासावे; क्रमांक वाढेल तसे कण बारीक होत जातात, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलली की आधीच्या कागदाचे ओरखडे राहिले आहेत का ते दिसते. पहिल्या कागदाने पिवळसर दुधी पाणी गळू लागते, आणि ते पांढरे होईपर्यंत पुढचा कागद हाती घेऊ नये. घाई होते ती इथेच, आणि चिरंजीवाचा स्वभाव घराला ठाऊक आहे. नंतर रबिंग कंपाउंडने चमक आणावी. परंतु घासताना कारखान्याचा उरलासुरला लेपही निघून जातो, म्हणून त्याच दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून अतिनील किरण रोखणारा पारदर्शक क्लिअर कोट दिला नाही, तर काही महिन्यांत पिवळेपणा परततो. हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा फवारा घरी वापरू नये, कारण त्यातील आयसोसायनेट दम्याला कारण होते आणि साधा रुमाल त्याला अडवत नाही.

एवढे सारे नीट केले तरी त्याच चाचणीत प्रकाश सुमारे 70 टक्क्यांपर्यंतच परत आला होता. म्हणजे सुधारलेल्या दिव्यांनीही रात्री घाट उतरू नये, हेच पुन्हा सांगणे आले.

आजोबांचा डावा हात शेवटपर्यंत खांद्याच्या वर गेला नाही, आणि त्याचे कारण घरात कोणी उच्चारीत नाही. मामाच्या तरुणपणी घरी असलेल्या गाडीच्या दिव्यांतला रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चांदीसारखी वाटी, गंजून काळा पडला होता. वयाच्या बाविसाव्या वर्षी हे ठाऊक असूनही मामाने रात्री आजोबांना घेऊन पोफळी गावाच्या अलीकडे गाडी हाकली, कारण घरी लवकर पोहोचायचे होते, आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला बिनदिव्याचा ट्रक दिसेपर्यंत उशीर झाला होता. आजोबांनी त्यावर एक शब्द काढला नाही. सदरा घालताना त्यांना बाही धरून द्यावी लागे, आणि ती धरायला मामा दर सकाळी पुढे होत असे.

चिरंजीवाला पहिल्या परिच्छेदात जी बोलणी बसली ती या कारणाने बसली. त्याचा आईला लवकर भेटण्याचा हेतू दोषास्पद नाही, आणि मेकॅनिक न शोधता स्वतःच्या हाताने काम करण्याची हौस तर मामाला मनापासून आवडली. सोबतच्या पुडक्यात पाचही क्रमांकांचे वॉटर पेपर, टेप आणि एक मऊ फडके आहे. डावा दिवा चिरंजीवाने घासावा, आणि उजवा तसाच ठेवावा, म्हणजे दिवाळीला मामा येईल तेव्हा दोघांना अंगणात बसून तो करता येईल. तोपर्यंत शनिवारचा मुक्काम कराडलाच असावा आणि रविवारी उजाडल्यावर निघावे. ताईला तसे कळवले आहे. दुपारचे जेवण ती थांबवून ठेवील. रात्री मात्र गाडीचा आवाज येईपर्यंत ती ओटीवरून उठत नाही, आणि आता थंडीही पडू लागली आहे.