शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काही शब्दांचा परिचय

वाई हे परिभाषेचे गाव आहे. प्राज्ञपाठशाळा येथलीच, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. असे असूनही रुग्णाला घरी नेणाऱ्या नातलगाच्या हाती डिस्चार्जचा जो कागद पडतो, त्यावरील चार अक्षरे त्याला लागत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

रुग्णाची घरी काळजी घेणाऱ्याला काय म्हणावे, येथपासूनच अडचण आहे. ‘काळजीवाहू’ म्हटले की निवडणुकीच्या वेळचे सरकार आठवते. आपला जुना शब्द ‘शुश्रूषा’. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूपासून तो झाला असून ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ होय.

अर्धांगवायू झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही नाकातून जठरात जाणाऱ्या नळीसह, म्हणजे राइल्स ट्यूबसह, घरी पाठविले होते. कागदावर ‘एनबीएम’ असे लिहिलेले होते. तोंडावाटे काहीही देऊ नये, असा त्याचा अर्थ. सूनबाईंनी तो विचारला नाही आणि आम्हीही सांगितला नाही. चूक अर्थातच आमची. सासऱ्यांनी खुणेने मागितला म्हणून त्या माउलीने दोन घोट चहा पाजला. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्याने तो श्वासनलिकेत उतरला आणि न्यूमोनिया होऊन त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. तेव्हापासून नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांकडून आम्ही हे शब्द वदवून घेतो. नळीतून आहार देताना व त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाचे डोके व पाठ उंच ठेवावी, हेही सोबत सांगतो.

औषधांच्या चिठ्ठीवरील ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा आणि ‘एचएस’ झोपताना. ‘एसओएस’चा संकटात सापडलेल्या जहाजाशी संबंध नाही, गरज भासल्यास, एवढाच त्या लॅटिन अक्षरांचा अर्थ. परंतु गरज कोणती आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती गोळ्या चालतील, हे विचारल्यावाचून उठू नये.

‘बेडसोअर’ला ग्रंथात शय्याव्रण म्हणतात. घरात त्याची सुरुवात माकडहाडावरील वा टाचेवरील लाल चट्ट्याने होते. हा चट्टा चोळू नये. कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी, चादरीला सुरकुती राहू देऊ नये आणि रबरी कड्यावर बसवू नये. कड्याने भोवतालचा रक्तपुरवठा अधिकच दबतो. लघवीच्या नळीची, म्हणजे कॅथेटरची, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये.

‘स्टेबल’ या शब्दाने फार घोटाळा होतो. प्रकृती स्थिर आहे याचा अर्थ ती सुधारली असा नव्हे. गंभीर रुग्णही गंभीर अवस्थेतच स्थिर असू शकतो. याच्या उलट ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे शब्द ऐकताच नातलग रडू लागतात. वेदना, धाप, मळमळ व मनाची घालमेल यांचा परिहार करणारी ही सेवा मूळ उपचार चालू असतानाही घेता येते. पुण्यात वारजे येथे कर्करोगाच्या रुग्णांसाठी असे केंद्र १९९७ पासून आहे.

शेवटी पैशांच्या खिडकीवरील दोन शब्द. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा ‘निर्धन’ आणि १० टक्के ‘दुर्बल घटकां’तील रुग्णांसाठी राखीव असतात. पहिल्यांना उपचार विनामूल्य, दुसऱ्यांना सवलतीच्या दराने. दोहोंसाठी उत्पन्नाची मर्यादा निराळी असून ती वेळोवेळी बदलते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखल होतानाच समाजसेवा अधीक्षकांकडे द्यावी. बिल तयार झाल्यावर धावपळ करण्याची वेळ येऊ नये.