झोपलेल्या बाळाचा कान

प्रश्न : लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नातवाच्या कानाची तपासणी झाली, तीही झोपेत. उजवा कान 'पास', डाव्यापुढे 'रेफर' लिहिलंय. झोपलेल्या बाळाला ऐकू येतं की नाही, हे यंत्राला कळतं कसं? दाराची बेल वाजली की हा चांगला दचकतो. सव्वा महिन्यानं लेक साताऱ्याला सासरी जाईल. जावई म्हणतात, तिकडे गेल्यावर बघू. चालेल का?
– एक आजी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आजी, कान नुसता ऐकत नाही, तो स्वतः आवाजही काढतो. आतल्या कानात सूक्ष्म केसपेशी असतात. आवाज पोचला की त्यातल्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशी आखडतात, ताणतात, आणि त्या हालचालीचा अगदी क्षीण आवाज पडद्यातून उलट बाहेर येतो. लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये तो टिपून दाखवला. नातवाच्या कानात घातलेल्या बोंडात इवलासा स्पीकर होता आणि माइकही. या तपासणीला ओएई म्हणतात. बाळानं काहीच करायचं नसतं. उलट रडलं, चोखायला लागलं, तर त्या गलक्यात हा आवाज सापडत नाही.

'रेफर' म्हणजे तो आवाज मिळाला नाही, इतकंच. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत गर्भजल, चिकट पांढरा थर असतो, त्यामुळेही असं होतं. पुढच्या खेपेला पुष्कळ बाळं पास होतात. म्हणून कागद फायलीत ठेवून द्यायचा मात्र नाही. बेलचं म्हणाल, तर दचकायला एक कान पुरतो. टाळ्या, खुळखुळा, बारशाला आत्यानं केलेलं कुर्रर्र, या घरच्या परीक्षांवर मी काडीचा भरवसा ठेवणार नाही. सुरुवातीचे महिने न ऐकणारं बाळही हुंकार देतंच.

बाळ महिन्याचं व्हायच्या आत ओएई पुन्हा करून घ्या. परत रेफर आलं, तर तीन महिन्यांच्या आत बेरा. ही सोय मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात आहे, वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेतही आहे. बेरात कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवून आवाज नसेतून मेंदूपर्यंत जातो का, ते पाहतात. त्यासाठी गाढ झोप लागते. इथेच पंचाईत होते. मुलुंडहून दादरला गाडी बदलून वांद्र्याला पोचेपर्यंत बाळ सगळी झोप उरकून घेतं आणि तारा लावताना टक्क जागं! तेव्हा वाटेत त्याला खेळवत न्या, तिथे पोचल्यावर दूध पाजा.

बाळ काचेच्या पेटीत पाच दिवसांहून जास्त राहिलं असेल किंवा काविळीमुळे रक्त बदलावं लागलं असेल, तर ओएई पास असली तरी बेरा हवीच. अशा बाळांत केसपेशी ठणठणीत आणि नस बिघडलेली, असं असू शकतं.

दोष ठरलाच तर उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत. इतक्या लवकर ज्यांचा दोष सापडला त्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे राहिली, असं अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अभ्यासानं 1998 मध्ये दाखवलं. एकाच कानाचा दोष असलेली मुलं बहुधा बोलायला शिकतात, पण हाक कुठून आली ते त्यांना उमगत नाही आणि गजबजलेल्या वर्गात अडचण होते.

मालिशवाल्या बाईंना कानात तेल सोडू देऊ नका. आणि जावईबापूंना सांगा, साताऱ्याची तिकिटं दुसऱ्या तपासणीनंतरची काढा.