किल्ल्यापुढची सावली कुठे गेली?

प्रश्न : फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या मनोरंजन उद्यानात वीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या झाडाखाली टेकलो होतो, तिथे आता नुसती फरशी आणि हिरवळ आहे. एवढी मोठी झाडं का काढली?

उत्तर : गर्दीला जागा हवी आणि नजरेला आडवं काही यायला नको, म्हणून. उद्यान १९७१ मध्ये उघडलं. मधल्या चौकातली झाडं वाढली, तसा सिंड्रेलाचा किल्ला त्यांच्याआड जाऊ लागला. रात्रीची आतषबाजी आणि किल्ल्याच्या भिंतींवरची प्रकाशचित्रं पाहायला तिथेच रेटारेटी होते. चौकाचं रुंदीकरण २०१५ मध्ये पुरं झालं.

पण रात्रीच्या त्या देखाव्याची किंमत दुपारी मोजावी लागते. झाड ऊन अडवतंच, शिवाय पानांतून बाष्प सोडून हवाही गार करतं. छत्रीला ते जमत नाही. बाबागाडीतलं लेकरू आणि थकलेले आजी-आजोबा यांचा विचार आधी व्हायला हवा होता.

मोठं झाड हलवता येत नाही, असंही नाही. याच उद्यानातला लिबर्टी स्क्वेअरमधला शंभरी ओलांडलेला ओक दुसरीकडून आणलेला आहे. खोडात आरपार भोकं पाडून पोलादी दांडे घातले आणि क्रेनने तो उचलला. पुढे तीच भोकं सडली. ती साफ करून सिमेंटने बुजवावी लागली.

ओक आजही उभा आहे.