जीवाणूंच्या प्रतिजैविक-प्रतिकाराचे निदान : प्रथिन-परीक्षणाचे स्थान

मूत्रमार्गाच्या संसर्गाने ज्वरित झालेला रुग्ण दोन-तीन प्रतिजैविके अर्धवट घेऊन आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्या हातातील कल्चर अहवाल नीट वाचता येणे आवश्यक ठरते. रूढ पद्धतीत जीवाणूंच्या वाढीस साधारण एक दिवस व औषध-संवेदनशीलता कळण्यास आणखी १८ ते २४ तास लागतात. रक्तगत संसर्गात हा विलंब प्राणावर बेतू शकतो. प्रथिन-परीक्षणाने तो कमी करता येतो. कारण प्रतिकाराचे प्रत्यक्ष कार्य बहुधा प्रथिनेच करतात.

१) बदललेले लक्ष्य : मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस पीबीपी-२ए हे प्रथिन निर्माण करतो. बहुतेक बीटा-लॅक्टॅम औषधे त्यास घट्ट बांधली जात नाहीत व जीवाणूची भित्तिका-निर्मिती चालूच राहते. वाढलेल्या वसाहतीतून हे प्रथिन लॅटेक्स चाचणीने काही मिनिटांत ओळखता येते.

२) औषधनाशक विकर : एनडीएम-१ या २००९ साली वर्णिलेल्या विकराने कार्बापेनेम औषधे निष्प्रभ होतात. असे प्रमुख विकर पट्टी-चाचणीने सुमारे १५ मिनिटांत कळतात. 'माल्डी-टॉफ' यंत्राने त्यांचे कार्यही पाहता येते. जीवाणू व औषध काही काळ एकत्र ठेवतात. विकर असल्यास औषधाच्या रेणूत पाण्याचा रेणू मिळून वस्तुमान १८ डाल्टनने वाढते आणि मूळ औषधाचे शिखर आलेखातून लोपते. लेझरद्वारे प्रथिनांचे वस्तुमान मोजण्याच्या मूलभूत कार्याबद्दल कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मर्यादा : माल्डी-टॉफच्या नेहमीच्या अहवालात जीवाणूची जाती कळते, प्रतिकार नव्हे. तसेच विकर-चाचणी नकारात्मक आली म्हणजे औषध लागू पडेलच असे नाही. औषधाचा प्रवेशमार्ग बंद करून किंवा ते बाहेर फेकूनही जीवाणू तग धरतो. म्हणून संवेदनशीलता-चाचणीस पर्याय नाही.

निदानपंचकातील उपशय आपणांस परिचित आहे. औषध देऊन परिणाम पाहणे हीही एक परीक्षाच. परंतु थंडी वाजून तीव्र ज्वर, संभ्रम, श्वासाची गती वाढणे, मूत्रप्रवृत्ती घटणे ही लक्षणे दिसताच उपशयाची वाट पाहण्यास अवसर नसतो. अशा रुग्णास पूर्वी घेतलेल्या औषधांच्या नोंदीसह तत्काळ रुग्णालयात पाठवावे. ती नोंद अनेकदा प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच मोलाची ठरते.