लिंक आहे, पण लेक्चर कुठाय?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीत चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा विषय हॉस्टेलमधल्या प्रत्येकाच्या कामाचा आहे, म्हणून हे धाडस!

माझा मावसभाऊ चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचा. एकच विषय अडकलाय, कायनेमॅटिक्स ऑफ मशीनरी. तो सुटला तर डिग्री, आणि डिग्री असेल तरच पर्मनंटसाठी विचार. गेल्या वर्षी परीक्षेआधी, थर्ड शिफ्ट करून आल्यावर त्याचा फोन आला. “अगं, लॉकडाऊनमध्ये सरांनी घेतलेली लेक्चर्स उघडत नाहीयेत. तू कॉम्प्युटरवाली ना, बघ की जरा!”

बघितलं. लिंक होती, लेक्चर्स नव्हती. सर त्याचं कॉलेज सोडून गेले होते, त्यांचं अकाउंट काढून टाकलं होतं आणि त्याबरोबर त्यांची ड्राइव्हही गेली. गूगलच्या संस्थेच्या अकाउंटमध्ये काढलेला यूजर ॲडमिनला फक्त २० दिवसांच्या आत परत आणता येतो. इथे तर वर्षं उलटली होती!

यात कोणी मुद्दाम काही केलं नाही. जुनं साहित्य असंच जातं. जागा कमी पडते म्हणूनही जातं. २०२२ पासून गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा बंद केली आणि १०० टीबीची सामायिक मर्यादा घातली. साहजिकच पहिली कुऱ्हाड जुन्या रेकॉर्डिंगवर! कधी फाईल असते, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर नसतं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश थांबवलं आणि कितीतरी ॲनिमेशन्स नुसती रिकामी चौकट झाली. गंमत बघा, आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेत शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखितं आजही वाचता येतात, आणि २०२१ चं लेक्चर आपल्याला सापडत नाही.

मग करायचं काय? लिंक म्हणजे प्रत नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करायचं. पुढचं सोपं आहे.

१) मालकी : फाईल सरांच्या वैयक्तिक ड्राइव्हवर न ठेवता शेअर्ड ड्राइव्हवर ठेवावी. तिथली फाईल संस्थेची असते, माणूस गेला तरी राहते.

२) बॅकअप : मूडलवर अख्ख्या कोर्सचा बॅकअप एका एमबीझेड फाईलमध्ये निघतो. तो घेताना यूजर्सचा डेटा वगळावा. पुढच्या बॅचला नोट्स हव्यात, आपले मार्क्स नकोत!

३) फॉरमॅट : नोट्सची पीडीएफ-ए प्रत काढावी. दीर्घकाळ जपण्यासाठीच हा प्रकार २००५ मध्ये आयएसओ मानक झाला. फॉन्टसुद्धा फाईलच्या आतच असतो.

४) चिठ्ठी : विषय, कोर्स कोड, पॅटर्न, वर्ष, शिक्षकांचं नाव आणि त्यांची परवानगी. पॅटर्न लिहायलाच हवा, कारण २०२४ पॅटर्नच्या मुलाला २०१९ च्या नोट्स दिल्या तर बिचारा भलताच सिलॅबस वाचून जायचा. स्कॅन केलेली टेक्स्टबुकं मात्र यात घालायची नाहीत.

५) तीन प्रती : दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक कॅम्पसबाहेर. वर्षातून एकदा उघडून बघायच्या. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसतं समाधान.

हे लायब्ररी आणि सर-मॅडम यांच्या मदतीनेच होईल, पण सुरुवात आपण करू शकतो. सबमिशन संपल्यावर प्रत्येक वर्गाने फक्त एक विषय नीट लावून ठेवला, तरी थेंबे थेंबे तळे साचेल.

आणि दादा? त्याला शेवटी एका ज्युनियरची वही मिळाली. त्याने ती कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचली. तेवढ्याने भागलं नाही, चार मार्कांनी राहिला. येत्या परीक्षेला तो पुन्हा बसतोय. या वेळी वही तरी आधीच स्कॅन करून ठेवलीये... तीन प्रतींत!